बेने इस्राएल समाजकार्यकर्तीचं चरित्र लिहायचं असेल तर

कोकणातून मुंबई-पुण्यात आलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या बायकांनी दवाखाने चालवले, शाळा सांभाळल्या, स्त्रियांची मंडळं उभी केली. त्यांच्याबद्दल मराठीत लिहिलेलं मात्र बहुधा एका परिच्छेदात आटोपतं: जन्म, शिक्षण, 'समाजासाठी आयुष्य वेचलं', किताब, निधन. काम काय केलं, कोणासाठी केलं, पैसे कुठून आणले, काय अडलं, हे त्यात सापडत नाही. इथे दिलेली पद्धत दोन-तीन हजार शब्दांचं पक्कं चरित्र लिहिणाऱ्यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड आणि शाळा चालवणाऱ्या रेबेका रूबेन यांची घेतली आहेत. पण जिचं नाव फक्त एखाद्या देणगीदारांच्या यादीत उरलं आहे अशा आजीबद्दल लिहायचं असेल तरी पायऱ्या त्याच.

आधी माणूस पक्का करा

कागद शोधायला निघण्यापूर्वी एका पानावर तिच्या नावाची सगळी रूपं लिहून काढा. हे टाळलं की अर्धे कागद हातातून निसटतात, किंवा दोन बायकांचं आयुष्य एकीच्या नावावर जमा होतं.

बेने इस्राएल आडनावं बहुतेक कुलाबा जिल्ह्यातल्या गावांवरून आलेली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, केहिमकर, पेझारकर, वाकरूळकर. काहींना 'कर' लागत नाही. झिराड हे अलिबागजवळचं गाव आणि तेच आडनाव. इंग्रजी कागदांत हे आडनाव 'झेड'ने, 'जे'ने आणि 'जे-एच'ने असं तिन्ही प्रकारे शोधावं लागतं. नवगावकरचे तर चार-पाच प्रकार होतात. काही घराण्यांनी गावाचं आडनाव मागे टाकून वडील-आजोबांचं नावच आडनावासारखं लावलं: सॅम्युएल, मोझेस, रूबेन. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावं कागदावर वेगळी दिसली तर दचकू नका.

पुरुषांच्या नावांचीही दोन रूपं असतात. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यू प्रार्थनामंदिर) १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजी पुस्तकांत सॅम्युएल इझिकेल दिवेकर होतात. अब्राहामचा आबाजी, बेन्यामीनचा बन्नाजी, मोशेचा मुसाजी. बाईच्या वडिलांचं नाव एका कागदात आबाजी आणि दुसऱ्यात अब्राहाम असलं तर ते एकच असण्याची शक्यता आधी तपासा.

बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव, सासरचं नाव आणि हिब्रू नाव अशी तीन खाती पाडा. त्यांत सर्वात भरवशाचं हिब्रू नाव, कारण ते 'अमकी बत तमका' म्हणजे अमक्याची मुलगी असं वडिलांच्या नावाने लिहितात आणि लग्नाने ते बदलत नाही. समाधीच्या दगडावर मराठी किंवा इंग्रजी ओळीत नवऱ्याचं नाव नि सासरचं आडनाव, आणि हिब्रू ओळीत वडिलांचं नाव सापडतं. दोन्ही ओळी उतरवून घेतल्या की माहेर आणि सासर एका दगडावर जुळतं. घरात कतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, जपून ठेवलेला असेल तर त्यातही वधूचं नाव वडिलांसह, गाव आणि पूर्ण तारीख असते. पहिल्या भेटीतच त्याची चौकशी करा.

आणखी दोन सापळे. जुन्या कागदांतला 'कुलाबा' म्हणजे मुंबईतला कुलाबा नव्हे, तर आजचा रायगड जिल्हा. १९८१ साली नाव बदललं. 'कुलाब्यात जन्म' हे वाचून दक्षिण मुंबई लिहून टाकणारे पुष्कळ आहेत. दुसरं, जुन्या मराठी मजकुरात बेने इस्राएल लोक सिनेगॉगला 'मशीद' म्हणत, उपासाला 'रोजा' म्हणत, एलूल महिन्याच्या उपासांना 'रमजान' म्हणत, आणि धर्मकार्य चालवणाऱ्याला कधी 'काजी'. मुंबईच्या मशीद बंदर भागातली 'जुनी मशीद' म्हणजे दिवेकरांचं शार हारहमीम सिनेगॉग. हे ठाऊक नसलेला संशोधक असे कागद मुसलमान कुटुंबाचे समजून बाजूला ठेवतो. सरकारी गॅझेटियरांत शोधताना 'शनिवार तेली' हा उल्लेखही पाहा; तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांना हे नाव होतं. कुलाबा जिल्ह्याचा खंड १८८३ चा आहे.

तारखा: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

दगडावरची हिब्रू तारीख वाचायला भाषा यावी लागत नाही, अक्षरांची किंमत ठाऊक हवी. आलेफ १, बेत २, गिमेल ३, दालेत ४, हे ५, वाव ६, झायिन ७, खेत ८, तेत ९. पुढे दहाच्या पटीत: योद १०, काफ २०, लामेद ३०, मेम ४०, नून ५०, सामेख ६०, आयिन ७०, पे ८०, त्सादी ९०. मग कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. उजवीकडून डावीकडे वाचा आणि बेरीज करा. १५ आणि १६ यांना अपवाद आहे: ते दहा अधिक पाच असे न लिहिता तेत-वाव (९+६) आणि तेत-झायिन (९+७) असे लिहितात.

वर्ष लिहिताना बहुतेक वेळा हजारांचा आकडा सोडून देतात. म्हणून बेरजेत १२४० मिळवा, इसवी सन येतं. मात्र ज्यू वर्ष तिश्री महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं. तारीख तिश्रीपासून ३१ डिसेंबरच्या आतली असेल तर १२३९ मिळवायचे. दोन उदाहरणांवर हात बसवून घ्या. ताव-शिन-खेत म्हणजे ४००+३००+८ = ७०८; १२४० मिळवले की १९४८. त्या वर्षीच्या इय्यार महिन्याची ५ तारीख म्हणजे १४ मे १९४८, इस्राएल राष्ट्राची घोषणा झाली तो दिवस. दुसरं उदाहरण वर्षाच्या सुरुवातीचं: ताव-शिन-लामेद-दालेत म्हणजे ७३४. तिश्रीची १० तारीख असल्यामुळे १२३९ मिळवायचे, उत्तर १९७३. हा ६ ऑक्टोबर १९७३ चा योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस. ही दोन उत्तरं बरोबर आली की मगच दगडाकडे वळा.

ज्यू पंचांगातही आपल्या अधिक मासासारखा जादा महिना येतो. १९ वर्षांत सात वेळा, आणि नेहमी अदार महिन्याचाच. वर्षाला (हजारांसकट) १९ ने भागा. बाकी ०, ३, ६, ८, ११, १४ किंवा १७ उरली तर त्या वर्षी दोन अदार असतात. दगडावर नुसतं 'अदार' असेल आणि वर्ष जादा महिन्याचं निघालं, तर इंग्रजी तारीख एका महिन्याने हलू शकते. अशा वेळी मृत्यूच्या नोंदीशिवाय तारीख छापू नका.

दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून एखाद्या दगडावर हिब्रू ओळीत ६ इय्यार आणि इंग्रजी ओळीत १४ मे १९४८ असेल तर ती कारागिराची चूक समजू नका. बाई त्या दिवशी सूर्यास्तानंतर गेली असेल. दोन्ही तारखा तशाच ठेवा आणि 'संध्याकाळनंतर' अशी टीप जोडा.

झिजलेल्या दगडावर सारखी दिसणारी अक्षरं घात करतात. हे, खेत आणि ताव. दालेत आणि रेश. बेत आणि काफ. वाव आणि झायिन. हे-खेतची गल्लत झाली की वर्षात तीनचा फरक पडतो, बेत-काफची झाली की अठराचा. वार दिलेला असेल तर वारावरून पडताळा. नाहीतर महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात मृत्यूची नोंद मागा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याने कोणालाही शुल्क भरून नोंदीचा उतारा मागता येतो, मात्र मृत्यूचं कारण त्यात देत नाहीत.

दगड वाचायला जाताना मऊ ब्रश, साध्या पाण्याची फवाऱ्याची बाटली, एक मध्यम आरसा, टॉर्च आणि मोजपट्टी न्या. खडू, पीठ, लिंबू, ॲसिड यांतलं काहीही दगडाला लावायचं नाही. पीठ अक्षरांत बसून बुरशी धरतं आणि ॲसिड संगमरवर खातं. उजेड समोरून न टाकता आरशाने बाजूने, अगदी दगडाला घासून जाईल असा टाका. बोटाला लागणार नाही इतकं उथळ अक्षरही सावलीने उठून दिसतं. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा. विश्वस्तांची परवानगी आधी घ्या. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, जाऊ नका. पुरुषांनी डोकं झाकावं, बाहेर पडताना हात धुवावेत.

घरातल्या आठवणींची तारीख कशी काढायची

म्हाताऱ्या माणसांना सन आठवत नाही, सण आठवतो. 'दारफळणीच्या सणाच्या आदल्या दिवशी आजी दवाखान्यातून घरी आली' हे वाक्य म्हणजे तारीखच आहे, फक्त उलगडता आली पाहिजे. नव्याचा सण तिश्रीची १. खिरीचा सण त्याच महिन्याची ४. दारफळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, १० तारीख, आणि शिळा सण ११ तारीख. होळीचा सण म्हणजे पुरीम, अदारची १४. अनाशी ढाकाचा सण पेसाखचा, निसान महिन्याच्या मध्यावर. बिरड्याचा रोजा आव महिन्याची ९ तारीख. शेवातच्या १५ तारखेला अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा (प्रेषित एलियाचा) उरूस. ही यादी मुलाखतीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

'होळीच्या दिवशी' असं कोणी म्हटलं तर 'आपली होळी की शेजाऱ्यांची?' हे लगेच विचारा. दोन्ही सण जवळपास येतात पण एकाच दिवशी येतीलच असं नाही, आणि हा प्रश्न घरी परतल्यावर विचारता येत नाही.

वर्ष पकडायला बाहेरच्या घटना उपयोगी पडतात: १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट (मांडवी-मशीद बंदर भागातल्या कुटुंबांना हा पक्का आठवतो), १ मे १९६०, आणि इस्राएलला गेलेल्या कुटुंबांसाठी १९६४ चं जेरुसलेममधलं आंदोलन. बेने इस्राएलांच्या लग्नांना तिथल्या धर्मपीठाने हरकत घेतली होती, आणि त्याविरुद्धच्या लढ्यानंतर त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने त्यांच्या पूर्ण ज्यू असण्याला मान्यता दिली. 'त्या गडबडीच्या आधी की नंतर?' एवढं विचारलं तरी दहा वर्षांचा घोळ मिटतो.

मुलाखत पाऊण ते एक तासाच्या वर नेऊ नका. दोन यंत्रांवर ध्वनिमुद्रण करा, एक फोन आणि एक रेकॉर्डर; फोन आला की मुद्रण तुटतं. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र मुद्रण करायचं नाही, फोनही करायचा नाही. भेट म्हणून घरी शिजवलेलं काही न नेता अखंड फळं न्या, म्हणजे आहाराचे नियम पाळणाऱ्या घरात अवघडल्यासारखं होत नाही.

'मावशी कशा होत्या?' असं विचारलं की 'फार प्रेमळ होत्या' हेच उत्तर येणार, आणि ते छापण्याजोगं नसतं. विचारायचं ते असं: सकाळी घरातून किती वाजता निघत? ट्रामने की चालत? मंडळाचा हिशेब कोणाच्या हातात होता? वर्गणी कोण गोळा करायचं, किती? मदत मागायला बायका घरी यायच्या की सिनेगॉगमध्ये? कोणाला नकार दिल्याचं आठवतं का? शेवटचा प्रश्न सर्वात फळतो, कारण नकाराच्या आठवणीत संस्थेचे नियम, पैशाची ओढाताण आणि तिची स्वतःची मतं एकदम बाहेर येतात.

कागद कुठे आणि कसे वाचायचे

मुंबईत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार (एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत), एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही तीन ठिकाणं आधी. माझगावची सर एली कदूरी शाळा ही हायेम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली सुरू केलेल्या शाळेचंच पुढचं रूप. अशा शाळांचे वार्षिक अहवाल आणि बक्षीस समारंभाच्या पत्रिका पाहाच. केहिमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला, पण तो तेल अवीवमध्ये छापला गेला १९३७ साली. त्यातला 'आज' म्हणजे १८९७ हे लक्षात ठेवलं नाही तर चाळीस वर्षांची चूक होते.

समाजाची स्वतःची नियतकालिकं मराठीत आणि इंग्रजीत निघत. रेबेका रूबेन १९१७ पासून समाजाचा एक वार्षिक अंक संपादित करत होत्या. वाचताना एक गोष्ट सांभाळा. १९१७-१८ च्या सुमारास समाजात दोन संघटना झाल्या, बेने इस्राएल परिषद आणि ऑल इंडिया इस्राएलाइट लीग, आणि दोन्हींच्या लोकांत मतभेद होते. एका बाजूच्या अंकात एखाद्या बाईच्या कामाचं नाव नसेल तर तिने काम केलंच नाही असा अर्थ काढू नका. दुसऱ्या बाजूचा अंक मिळेपर्यंत थांबा. समाजाबाहेरचीही पानं चाळा, १९३० साली सुरू झालेलं 'स्त्री' मासिक, महापालिकेच्या आरोग्य खात्याचे अहवाल. इस्राएलमध्ये गेलेल्या लोकांनी तिथून मराठीत 'मायबोली' हे नियतकालिक चालवलं. त्यातही जुन्या माणसांबद्दल मजकूर येत असे. इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा जुन्या ज्यू वृत्तपत्रांचा संग्रह घरबसल्या पाहता येतो. तिथे नावाची सगळी इंग्रजी रूपं घालून शोधा.

मंडळाचा अहवाल हाती आला की भाषणं वाचण्यापूर्वी जमाखर्च वाचा. शिलाई यंत्रं, फी, औषधं, प्रवासखर्च यांवर किती गेलं, त्यावरून मंडळ प्रत्यक्षात काय करत होतं ते कळतं. अध्यक्षीय भाषणात 'स्त्रीशिक्षण' असेल आणि खर्चात फक्त हळदीकुंकवासारखे समारंभ असतील, तर तेही चरित्रात आलं पाहिजे. इतिवृत्तात ठरावाचा सूचक आणि अनुमोदक कोण हे टिपा. अध्यक्षपदावर मोठ्या घरची नावं असतात. काम ओढणारी बाई बहुतेक वेळा सूचक, चिटणीस किंवा खजिनदार म्हणून सापडते.

जुन्या छापील मजकुरात शके दिलं असेल तर ७८ मिळवा; पौष, माघ, फाल्गुनातल्या तारखांना ७९ लागू शकतात, तेव्हा पंचांग पाहा.

कामाचा तक्ता

एक मोठा कागद किंवा स्प्रेडशीट घ्या. रकाने सात: तारीख, ठिकाण, नेमकं काम, कोणासाठी, बरोबर कोण, पैसा कुठून, पुरावा. शेवटच्या रकान्यात पुराव्याला दर्जा द्या. त्याच वेळी लिहिलेला कागद 'अ', नंतरचा छापील उल्लेख 'ब', ऐकीव आठवण 'क'. 'क' दर्जाची माहिती वगळायची नाही, पण लिहिताना 'कुटुंबीय सांगतात' हे शब्द तिला चिकटलेले राहिले पाहिजेत.

डॉ. झिराड यांचा तक्ता करून पाहिला तर तो असा भरतो. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. १९१२ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून एल.एम.एस. ही डॉक्टरकीची परीक्षा. पुढच्या शिक्षणासाठी टाटांच्या निधीतून कर्जाऊ मदत, मग सरकारी शिष्यवृत्ती, आणि १९१९ साली लंडनची प्रसूतिशास्त्र-स्त्रीरोगशास्त्रातली एम.डी. १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा रुग्णालयाची जबाबदारी. १९५० साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय महासंघाचं अध्यक्षपद. १९६६ साली पद्मश्री.

इथे थांबलात तर फक्त पदांची यादी हाती राहते. 'नेमकं काम' आणि 'कोणासाठी' हे दोन रकाने अजून रिकामे आहेत, आणि चरित्र तिथेच दडलेलं असतं. १९३७-३८ मध्ये त्यांनी मुंबई शहरातल्या बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी केली. अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. यावर निदान चारशे शब्द खर्च करा. शहरातल्या मातामृत्यूंची चौकशी करायची म्हणजे केवळ रुग्णालयातले मृत्यू मोजून भागत नाही. चाळीत, सुईणीच्या हाताखाली झालेले मृत्यू शोधावे लागतात, नोंदलेलं कारण खरं की 'ताप' म्हणून लिहून टाकलेलं हे घरच्यांकडून काढून घ्यावं लागतं, आणि एकूण जन्मांशी प्रमाण मांडावं लागतं. जन्मांची नोंद अपुरी असली की मृत्यूंचं प्रमाण फुगतं, मृत्यू लपले की ते घटतं. अहवाल समोर ठेवून यांतलं काय त्यांनी कसं सोडवलं ते लिहा. आकडे अहवालातूनच उचला, दुसऱ्याच्या लेखातून उचलू नका. प्रमाण हजारी आहे की शेकडा, जिवंत जन्मांवर की सर्व बाळंतपणांवर, हे प्रत्येक आकड्यापुढे स्पष्ट करा. मातामृत्यूच्या जुन्या आकड्यांबद्दल सर्वांत जास्त घोटाळा याच ठिकाणी होतो.

भोवतालही द्यावा लागतो. मुंबईतल्या गर्भवती बायकांचा पंडुरोग (रक्तक्षय) इतका गंभीर होता की त्याचा शोध घ्यायला संशोधक डॉक्टर लुसी विल्स १९२८ साली इंग्लंडहून आल्या, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांच्या कामातून दिसलं. फोलेट या जीवनसत्त्वाचा शोध पुढे त्यातूनच लागला. त्याच शहरात, त्याच वर्षी झिराड कामा रुग्णालयाच्या प्रमुखपदी बसल्या. अशी एक-दोन वाक्यं वाचकाला बाळंतिणीच्या खाटेपर्यंत नेतात. त्याहून जास्त भोवताल दिला तर बाई मागे पडते.

समाजातलं आणि समाजाबाहेरचं काम वेगवेगळ्या प्रकरणांत कोंडू नका. मुंबईत ज्यू स्त्रियांचं स्त्री मंडळ १९१३ साली सुरू झालं. झिराड त्यात होत्या. लंडनमध्ये त्यांचा लिली माँटेग्यू यांच्याशी परिचय झाला. माँटेग्यूंनी तिथे १८९३ मध्ये कामकरी मुलींसाठी क्लब काढला होता आणि १९०२ मध्ये ज्यू रिलिजस युनियन ही उपासनेत सुधारणा करू पाहणारी संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला होता. १९२५ साली मुंबईत त्याच नावाची संस्था निघाली ती झिराड यांच्या प्रयत्नाने. तक्त्यात तारखा एकाखाली एक आल्या की दिसतं, प्रार्थनेतल्या बाईच्या जागेचा प्रश्न आणि बाळंतिणीच्या जिवाचा प्रश्न त्या एकाच काळात हाताळत होत्या. हे फक्त कालक्रमाने लिहिल्यावरच वाचकाला कळतं.

'पहिली' या शब्दाची चाळणी

या बायकांबद्दलच्या प्रत्येक लेखात 'पहिली' असतंच. प्रत्येक 'पहिली'ला तीन प्रश्न लावा: कोणत्या क्षेत्रात, कोणत्या हद्दीत, कोणाच्या नोंदीप्रमाणे? झिराड यांना 'पहिली भारतीय स्त्री डॉक्टर' म्हणणं चूक, कारण आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन आल्या आणि रखमाबाई लंडनमध्ये शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या. परदेशी शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली स्त्री, हा दावा त्यांच्याबद्दल केला जातो. तो तेवढ्याच शब्दांत ठेवा, आखडू नका नि ताणू नका. रेबेका रूबेन (१८८९–१९५७) १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या. ही मोठीच गोष्ट आहे. पण १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षं त्यांनी एक शाळा चालवली, ती त्याहून मोठी. एका परीक्षेला दोन वाक्यं आणि अठ्ठावीस वर्षांना एक, असं प्रमाण पुन्हा पुन्हा पाहायला मिळतं. ते उलटं करा.

लिहून झाल्यावर

पहिल्या मसुद्यातून 'निःस्वार्थ', 'तळमळीने', 'अविरत', 'थोर' हे शब्द शोधून काढा आणि प्रत्येकाच्या जागी तक्त्यातली एक ओळ ठेवता येते का पाहा. जिथे ठेवता येत नाही तिथे माहिती अपुरी आहे असं समजा आणि पुन्हा कागदांकडे जा.

रुग्णांची नावं कधीही छापू नका, शंभर वर्षांपूर्वीची असली तरी. पत्रांचे हक्क लिहिणारीच्या वारसांकडे असतात, आणि तिच्या हयातीत न छापलेल्या पत्रांचे हक्क ती पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यावर ६० वर्षांपर्यंत टिकतात. पत्र घरात ज्याच्या कपाटात आहे त्याची परवानगी पुरेशी नाही. छायाचित्राखाली कोण-कोण उभं आहे ते डावीकडून उजवीकडे लिहा, आणि ओळखणाऱ्याने अंदाजाने सांगितलं असेल तर तसं नोंदवा.

मसुदा कुटुंबाला दाखवा, पण दाखवताना आधीच सांगा की तथ्यांच्या चुका दुरुस्त करू, मजकूर मंजुरीसाठी दिलेला नाही. बहुतेक घरं तीन गोष्टी वगळायला सांगतात: मोडलेलं लग्न, पैशाची अडचण, आणि सिनेगॉगच्या मुकादमाशी (समाजाच्या प्रमुखाशी) झालेलं भांडण. पहिली गोष्ट तिच्या कामाशी संबंधित नसेल तर सोडून द्या. पैशाची अडचण ठेवा, कारण कर्ज काढून शिकलेल्या बाईचे पुढचे निर्णय त्यावरच उभे असतात. भांडणाचा लेखी पुरावा 'अ' दर्जाचा असेल तर दोन्ही बाजूंचं म्हणणं देऊन तेही ठेवा. पुरावा फक्त ऐकीव असेल तर काढा, पण तक्त्यातली ओळ पुसू नका. पुढे कोणाला त्या वर्षाचं इतिवृत्त सापडू शकतं.

शेवटी तक्ता, मुलाखतींची मुद्रणं आणि दगडांची छायाचित्रं यांच्या दोन प्रती करा. एक कुटुंबाला द्या, दुसरी एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला लेखी पत्रासह द्या. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि व्यक्तीचं नाव देवनागरीत व इंग्रजीत असं दोन्ही घाला, नाहीतर झिराडचा कागद पुढच्या माणसाला 'झेड'खाली सापडणार नाही.